जुन्या खाचेची बॅटरी

बॅटरी बसेना.

सुजितने आपली जुनी बॅटरी एकदा सरळ सरकवली, एकदा उलटी धरून पाहिली, मग नवीकोरी ड्रिल मशीन काउंटरवर आडवी घातली आणि बॅटरीवर तळहाताने दणका दिला.

"अरे ठोकतोस काय? खुंटी आहे का ती?" योगिनीने मशीन त्याच्या हातून काढून घेतली.

"मग बसत का न्हाई ताई? बॉक्समधी दुसऱ्याच कंपनीची मशीन घातली का काय?"

कंपनी तीच होती. रंगही तोच, जांभळा. योगिनीने मशीन उलटी करून मुठीचा तळ पाहिला. जुन्या मशिनीला तिथे दोन खाचा असत आणि बॅटरी मागून सरकत जाऊन टक्‌ करून बसे. या मशिनीला तीन खाचा होत्या आणि बॅटरी पुढून जाणार होती. तिने आतून दुसरा बॉक्स आणून फोडला, मग तिसरा. सगळीकडे तेच. बॉक्स भरणाऱ्याची चूक नव्हती. कंपनीने खाचच बदलली होती आणि ते दुकानदाराला सांगायची तसदी घेतली नव्हती.

सुजित तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "ताई, तुमी तर म्हनला होता, मशीन बदलंल पन बॅटरी बदलनार न्हाई."

म्हणाली होती. एकदा नव्हे, त्या काउंटरमागे उभी राहिल्यापासून येईल त्याला म्हणत आली होती.

महाळुंग्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान तिच्या सासऱ्यांनी टाकलं. लक्ष्मणराव काळोखे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. स्वेच्छानिवृत्तीचा पैसा त्यांनी बहुतेकांसारखा बंगल्यात किंवा जीपमध्ये घातला नाही, नट-बोल्ट आणि ड्रिलच्या टोकांत घातला. पुढे त्यांनी एका परदेशी कंपनीची कॉर्डलेस हत्यारांची एजन्सी मिळवली. ती मिळवायला ते कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जेवणाचा डबा घेऊन जाऊन बसत. साहेब भेटत नाहीत म्हटल्यावर तिथेच डबा उघडत. शेवटी ठेच्याच्या वासाने साहेब बाहेर आले, असं ते सांगत. कंपनीचं नाव या भागात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. हत्यारांचा रंग जांभळा, म्हणून सगळे तिला "जांभळी" म्हणू लागले.

लक्ष्मणरावांचे गुडघे गेले तेव्हा योगिनी काउंटरवर आली. तिचं माहेर चिंचवडगावातलं, घरात सगळे नोकरदार. दुकानदारी तिला नवी होती. कंपनीने डीलर लोकांना एका हॉटेलात बोलावून शिकवलं होतं, की ग्राहकाला सांगा, एकच बॅटरी आमच्या सगळ्या मशिनींना चालते, आज आणि पुढेही. योगिनीने ते वाक्य पाठ केलं आणि शेवटी पदरचे तीन शब्द जोडले: "हा माझा शब्द."

त्या शब्दावर महाळुंग्याच्या पट्ट्यात एक रीत उभी राहिली. कारखान्यांच्या शेडमध्ये पार्टिशन उभी करणारे, रॅक बसवणारे, छताखाली केबलचे ट्रे टांगणारे फिटर बहुतेक लातूर-धाराशिवकडचे. दोघं-चौघं मिळून खोली करून राहणारे. पहिल्या एकाने जांभळी घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली, कारण पहिल्याची बॅटरी दुसऱ्याच्या मशिनीत जात होती. मग सगळ्यांनीच घेतली. मशीन ज्याची त्याची, पण बॅटऱ्या सामाईक. प्रत्येक बॅटरीवर मालकाची रंगाची खूण असे, पण ती फक्त भांडणापुरती. एरवी शिडीवरच्या माणसाने हाक मारली की खालच्याने जी भरलेली असेल ती वर द्यायची. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. या गटांचा म्होरक्या ज्योतीराम म्हणायचा, "आमच्यात बोलनं बंद होतं, बॅटरी बंद होत न्हाई."

त्याच संध्याकाळी ज्योतीराम सुजितला घेऊन दुकानात आला. अंगाने काटक, बोलायला सावकाश. त्याने नवी मशीन हातात घेतली, चालवून पाहिली, तिचं वजन जोखलं.

"चांगली हाय," तो म्हणाला.

"चांगलीच आहे," योगिनी म्हणाली. "कमी तापते, लवकर चार्ज होते. मी दिवसभर तेच तपासतेय. वाईट असती तर बरं झालं असतं."

"पन ताई, ही एक गटात आली की भांडान आलं. बॅटरी म्हंजे विरजन हाय. आज तुमच्या घरून, उद्या आमच्या घरून. आता हा सुजित आमच्याकडं मागाय येनार आन् त्याच्या घरचं विरजन आमच्या दुधाला लागनार न्हाई. मग त्यो कशाला मागंल? लाजंल. आन् आमी तरी किती दीस देऊ?"

"मी न्हाई लाजत," सुजित म्हणाला.

"तू गप. तुला लाज असती तर बारक्या पोरावानी बॅटरी ठोकत बसला नसता."

योगिनीने दुकानात दाखवायला लावलेली जुनी ड्रिल भिंतीवरून उतरवली आणि सुजितला देऊन टाकली. तिच्या मागच्या बाजूला "विक्रीसाठी नाही" असं लिहिलेलं होतं. ती विकली नाही, एवढं खरं. पण जुन्या खाचेच्या बॅटऱ्या कपाटात मोजक्याच उरल्या होत्या, आणि ज्यांच्या मरायला टेकल्या होत्या त्यांची रांग आता लागणार, हे तिला दिसत होतं.

कंपनीचा माणूस दुसऱ्या आठवड्यात आला. मिहिर, पुणे विभागाचा विक्री व्यवस्थापक. पुण्यातच वाढलेला, नम्र, नीटनेटका मुलगा. दुकानात आला की आधी लक्ष्मणरावांच्या पाया पडायचा, आणि ते खोटं वाटत नसे.

"मॅडम, टेक्नॉलॉजी आहे. कधीतरी बदलावं लागणारच होतं."

"ते मला कळतं. मला एवढंच सांगा, जुन्या खाचेच्या बॅटऱ्या किती वर्षं येणार?"

"येणार नाहीत." त्याने चहाचा घोट घेतला. "उलट तुमच्याकडे आहेत त्याही परत पाठवायच्या आहेत. कंपनी बदल्यात नवा माल देतेय. आणि ग्राहकांसाठी तर खास योजना आहे. जुनी मशीन जमा करायची, नवीवर घसघशीत सूट. जुनी आम्ही तिथल्या तिथे निकामी करतो."

"निकामी का करायची?"

"नाही केली तर जुन्या बाजारात जाते ना."

"आणि लोक ती वापरतात."

"एक्झॅक्टली!" मिहिर हसला. योगिनी हसली नाही, तेव्हा त्याने फोन काढला. फोनवर मागच्या वर्षीचा फोटो होता, तिनेच डीलरच्या ग्रुपवर टाकलेला. खंडेनवमीची पूजा. दुकानासमोर मांडवात पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडलेल्या जांभळ्या मशिनी, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, मागे हात जोडून उभे असलेले फिटर.

"हा फोटो आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये पडद्यावर लावला, मॅडम. म्हणाले, ब्रँडची पूजा करणारे ग्राहक जगात कुठे मिळतील? तर आपण यंदा त्याच दिवशी, इथेच, निष्ठावंत ग्राहक मेळावा घेतोय. सगळ्यांच्या मशिनी आयत्या इथे आलेल्याच असणार. सत्कार करायचा, जुन्या जमा करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला माणसाच्या हातात नवी मशीन! व्हिडिओ करणारा पण आणतोय."

"मिहिरसर, ते लोक कंपनीची पूजा नाही करत. त्यांची ती पोटाची हत्यारं आहेत, रंग कुठला का—"

त्याचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो उठता उठता म्हणाला, "एजन्सीचं नूतनीकरणही याच सुमाराला आहे. मेळावा छान झाला की काही प्रश्नच नाही. नाहीतर भोसरीतला एक शोरूमवाला कधीचा मागे लागलाय. मी तुमच्यासाठी भांडतोय हां, मॅडम."

रात्रीच्या जेवणाला घरात विषय निघाला. नवरा मुकुंद सेकंड शिफ्टला होता. लक्ष्मणरावांनी भाकरी मोडली आणि विचारलं, "जुन्या बॅटऱ्या कधी पाठवतेस?"

"पाठवणार नाही म्हणतेय."

"एजन्सी जाईल."

"जाईल."

"सोपं वाटतं बोलायला. ती पाटी मिळवायला मी काय केलंय ते माझं मला माहीत. या रस्त्यावर हार्डवेअरची दुकानं पैशाला पासरी आहेत. लोक आपल्याकडे येतात ते त्या पाटीमुळे."

"बाबा, लोकांना मी शब्द दिला होता."

"शब्द कंपनीचा होता. तू नुसता बोललीस."

"काउंटरवर कंपनी उभी नव्हती. मी होते."

लक्ष्मणरावांनी आमटीची वाटी जवळ ओढली. त्यांना पटलं नव्हतं, ते पुढचा मुद्दा शोधत होते. "आणि बॅटऱ्या संपल्यावर काय देणारेस त्यांना? शब्द चार्ज करून देणारेस?"

हा मात्र तिच्या मनातलाच प्रश्न होता.

उत्तर शोधत ती भोसरीत बुद्धरत्नच्या गाळ्यावर गेली. बुद्धरत्न इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेला. एका मोठ्या कारखान्याची नोकरी सोडून इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या बांधून देण्याचा धंदा त्याने उभा केला होता. त्याने तिने आणलेली मेलेली बॅटरी उघडली, आतल्या नळकांड्यांसारख्या सेल मोजमाप लावून पाहिल्या.

"कवच शाबूत आहे. आतल्या सेल बाजारात मिळतात. नवीन घालून देता येतील."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. पण रस्त्यावर करतात तसं नाही. सारख्या ताकदीच्या सेल निवडायच्या, संरक्षणाचं सर्किट नवं घालायचं, प्रत्येक बॅटरी भरून-रिकामी करून बघायची. वेळ लागेल. आणि वर माझं नाव टाकणार. जळली तर माणसाने माझ्या दारात यायचं, तुमच्या नाही."

"कधी सुरू करायचं?"

बुद्धरत्नने स्क्रू परत लावले आणि बॅटरी तिच्याकडे सरकवली. "ताई, राग मानू नका. त्या कंपनीची पाटी तुमच्या दुकानावर आहे तोवर नाही. पाटी त्यांची, तिच्याखाली त्यांची बॅटरी मी उघडून देतोय, असं झालं तर पहिली नोटीस मला येईल. तुमचा करार आहे, तुम्ही सुटाल. मी कुठे जाऊ? पाटी उतरवा. मग माझं दार उघडं आहे."

"म्हणजे पाटी तरी, नाहीतर तू तरी."

"मी नाही. तुमची गिऱ्हाइकं."

योगिनी परत आली ती काही न ठरवताच. घरावरचं कर्ज, मुलीची बारावी, मुकुंदच्या कंपनीत सुरू असलेली कपातीची कुजबुज. पाटी उतरवणं म्हणजे घराचा एक खांब आपल्या हाताने काढणं होतं. तिने जुन्या बॅटऱ्या परत पाठवल्या नाहीत, आणि मिहिरला नाहीही म्हटलं नाही. नवरात्र बसलं. एका सकाळी ती दुकान उघडायला आली तर समोर भला मोठा फ्लेक्स. मागच्या वर्षीच्या पूजेचा फोटो, त्यावर "निष्ठावंत ग्राहक मेळावा. जुनी द्या, नवी न्या!" आणि कोपऱ्यात हात जोडलेली ती स्वतः. फोटो कंपनीनेच कुठून तरी कापून लावला होता.

"ताई, निवडणुकीला उभ्या राहिल्या का?" चहावाल्याने विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "पण पडल्यासारखं वाटतंय."

खंडेनवमीला सकाळपासून फिटर येत गेले. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, मशिनी पुसून आणलेल्या. लक्ष्मणराव गुडघे धरून स्टुलावर बसले होते आणि कुठली मशीन कुठे ठेवायची ते बोटाने दाखवत होते. मशिनी मालकांच्या ओळीने लागल्या. बॅटऱ्या मात्र सगळ्या काढून पुढे एका लांब रांगेत, कुणाची कुठली न बघता. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला, लिंबं कापली, आरती झाली. लक्ष्मणरावांनी खडीसाखर वाटली.

तेवढ्यात मिहिरची गाडी आली. तो कुर्ता घालून आला होता आणि त्याला तो शोभत होता. मागून टेम्पोतून नव्या मशिनींचे बॉक्स उतरले, आणि त्यांच्यामागून एक अवजड लोखंडी प्रेस. जुन्या मशिनी तिच्यात दाबून चिरडायच्या होत्या. व्हिडिओवाल्याने तिपाई लावली.

कार्यक्रम आधी छान चालला. मिहिर चांगलं बोलला, थोडक्यात बोलला. सगळ्यांत निष्ठावंत ग्राहक म्हणून त्याने ज्योतीरामच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या.

"फोटोत तोंड बंद ठेव, मामा," सुजित ओरडला. "दात दिसतेत!"

"आणि आता," मिहिर म्हणाला, "ज्योतीरामभाऊ आपली जुनी साथीदार कंपनीकडे सुपूर्द करतील, आणि नव्या युगात पाऊल टाकतील." त्याने खूण केली. प्रेसजवळचा माणूस पुढे झाला, चादरीशी वाकला आणि त्याने ज्योतीरामच्या मशिनीवरची माळ बाजूला केली.

"हात लावू नको."

आवाज लक्ष्मणरावांचा होता. ते स्टुलावरून उठले होते, काठी न घेता.

मिहिर लगबगीने पुढे आला. "काका, एकच मिनिट. शॉट झाला की माळ परत—"

"पूजेतलं हत्यार आज हलत नाही. उद्या दसरा उजाडेपर्यंत हलत नाही. तुमच्यात पूजा करत नाहीत काय रे?"

"करतो ना काका. गाडीची करतो."

"आणि पूजा करून लगेच भंगारात घालता?"

लोक हसले. मिहिरही ओशाळून हसला. "काका, माझा हेतू चांगला होता. दसऱ्याला सगळे नवीन घेतातच ना?"

"नवीन घेतात तो उद्याचा दिवस. आजचा दिवस जुन्याचा."

मिहिरने क्षणभर विचार केला. तो काही मूर्ख नव्हता. "बरोबर आहे तुमचं. आज कुणी काही हलवायचं नाही. आज फक्त नावं द्या, टोकन घ्या. उद्या पूजा उठली की मशिनी इथेच जमा करा. सूट उद्यापर्यंत वाढवली!"

टोकनचा गठ्ठा बाहेर आला. आणि दोघंतिघं पुढे सरकले, मग आणखी दोघं. सूट खरी होती, बॅटऱ्या संपत चालल्या होत्या हेही खरं होतं. मागचे पुढच्यांकडे बघू लागले. गटात एकाने नवी घेतली की बाकीच्यांना घ्यावीच लागणार, हे प्रत्येकाला कळत होतं आणि पहिला कुणालाच व्हायचं नव्हतं.

ज्योतीराम तसाच उभा होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्याने मिहिरकडे पाहिलं नाही. "ताई," तो म्हणाला, "तुमी सांगा. द्यायची का?"

सगळा मांडव योगिनीकडे वळला. मिहिर तिच्या कानाशी येऊन हळू म्हणाला, "मॅडम, फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो. कागद तयार आहेत."

हो म्हटलं असतं तर ती खोटं बोलली असती असंही नव्हतं. मशीन चांगली होती. ती समोर बघत राहिली, त्या बॅटऱ्यांच्या रांगेकडे. सुजितची बॅटरी कुठली ते तिला ओळखू येईना, आणि सुजितलाही आलं नसतं.

"द्यायची नाही," ती म्हणाली.

मग तिने आवाज चढवला, कारण मागचे ऐकायला पुढे येत होते. "मी प्रत्येकाला सांगितलं होतं, बॅटरी बदलणार नाही. ती बदलली. शब्द फिरवला कंपनीने, पण तो माझ्या तोंडून गेला होता, म्हणून निस्तरायचा मी. नवी मशीन चांगली आहे. ज्याला हवी त्याने खुशाल घ्यावी, मला राग नाही. पण माझ्या दारात जुनी मशीन चिरडली जाणार नाही. माझ्या दारात जुन्या बॅटऱ्या भरून मिळतील. नव्या सेल, चोख काम, आणि करणाऱ्याचं नाव वर."

"मॅडम, हे करारात बसत नाही." मिहिरचा चेहरा उतरला होता.

"माहीत आहे. करार परत घ्या."

"कॅमेरा बंद कर रे," मिहिर व्हिडिओवाल्याला म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या की चालू!" सुजित म्हणाला. "सत्काराचा कार्यक्रम हाय न्हवं?"

मिहिरने हात उडवले. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. "मला समजत नाही. तुम्ही लोक आमचे सगळ्यांत निष्ठावंत ग्राहक. इतकी वर्षं दुसऱ्या कंपनीच्या मशिनीला हात लावला नाहीत. आणि आज आम्ही स्वतःहून चालत आलो तर—"

"सायेब," ज्योतीराम म्हणाला, "आमी एकमेकाच्या बॅटरीला धरून हाव. तिचा रंग जांभळा निघाला, त्याला आमी काय करावं?" त्याने शाल काढली, नीट घडी केली आणि नारळासकट मिहिरच्या हातात ठेवली. "ही दुसऱ्या कुनाला घाला. आमचा गैरसमज नको."

सगळे मात्र थांबले नाहीत. नवनाथ, ज्याच्याकडे मोठ्या कारखान्यांची कामं होती, योगिनीजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, मला घ्यावी लागंल. नव्या प्लँटात जुनी मशीन गेटातून आत सोडत न्हाईत."

"घे की. मी कुठे अडवलं? पण भोसरीला जाऊन घे."

"माझ्या जुन्या बॅटऱ्या?"

"प्रेसमध्ये घालू नकोस. गटाला दे."

नवनाथने मान डोलावली आणि टोकन घेतलं. त्याच्या मागून आणखी काही जणांनी घेतलं. योगिनीने ते पाहिलं आणि कुणाचंच नाव मनात ठेवलं नाही. टेम्पो भरला, प्रेस एकही मशीन न दाबता परत चढली.

त्या दिवशी लक्ष्मणराव तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना नाही, झोपताना नाही. पूजेच्या वेळचा त्यांचा राग वेगळा होता, पाटीचं दुःख वेगळं. एकाने दुसरं फिटलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उठवली. फिटरांनी आपापल्या मशिनी उचलल्या, कपाळाला लावल्या. योगिनीने ज्योतीरामकडे त्याची मशीन मागितली.

"काय करता ताई?"

"दसऱ्याला हत्याराने पहिलं काम करायचं असतं ना? मग." तिने शिडी दुकानाला टेकवली, ओढणी कमरेला खोचली.

"मी चढतो की," सुजित पुढे झाला.

"पाटी माझी आहे."

ती वर चढली. जांभळ्या पत्र्याचा बोर्ड दुकानाच्या रुंदीएवढा होता, स्क्रू गंजलेले. तिने हाताशी आला तो खालचा स्क्रू धरला.

"खालचे आधी नको!" खालून आवाज आला. लक्ष्मणराव दारात येऊन उभे होते. "खालचे सोडलेस तर सगळा भार वर येईल आणि अंगावर घेशील. आधी मधले. मग खालचे. वरचे दोन शेवटी, आणि त्या वेळी दोघांनी दोन्हीकडून धरा. मी बसवलाय तो, मला माहीत आहे."

तिने मधले काढले. मग खालचे. मशीन गरगरत राहिली, गंज डोळ्यांत आला. शेवटी ज्योतीराम आणि सुजितने दोन्ही टोकं धरली आणि बोर्ड सावकाश जमिनीवर आला. लक्ष्मणराव त्याच्यावरून एकदा हात फिरवतील असं तिला वाटलं. त्यांनी फिरवला नाही. ते म्हणाले, "स्क्रू टाकू नका, डब्यात ठेवा. चांगले आहेत," आणि आत जाऊन काउंटरमागे बसले, जिथे ते गुडघे गेल्यापासून बसले नव्हते.

बुद्धरत्न स्कूटरवरून आला तो पांढराशुभ्र शर्ट-पँट घालून. देहूरोडच्या विहारात निघाला होता, धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्याने स्कूटर बंद न करताच वर बघितलं. नुसतेच भोकं पडलेले लोखंडी अँगल.

"उतरवली म्हणायची."

"उतरवली."

"मी म्हटलं, रात्री फोनवर बोललात ते सकाळी विसराल." त्याने स्कूटर बंद केली. "आज या कपड्यांत बॅटऱ्यांना हात लावत नाही. उद्या सकाळी टेम्पो पाठवतो. मेलेल्या वेगळ्या, अर्धमेल्या वेगळ्या करून ठेवा."

"ज्याच्या त्याच्या वेगळ्या करू?" सुजितने विचारलं.

"तुम्हाला येतील करता?"

सुजितने ज्योतीरामकडे पाहिलं. "न्हाई."

"मग राहू दे."

योगिनीचा फोन वाजला तेव्हा ती हात धूत होती. मिहिर होता. आवाज थकलेला. "मॅडम, मी रात्रभर विचार केला. अजून वेळ गेलेली नाही. मी वर बोलून बघतो. नाहीतर आज दुपारी भोसरीच्या माणसाला पत्र जाईल, उद्या त्याच्या दुकानावर आपली पाटी लागेल."

"आपली नाही. तुमची."

मग तो म्हणाला, "तुम्हाला खरंच वाटतं, हे चालेल? दर वर्षी खाच बदलेल मॅडम. नवी मॉडेलं येत राहतील. किती दिवस पुरतील तुम्हाला जुन्या मशिनी?"

"ते बघू. मोडतील तशा दुरुस्त करू. पण माझ्या गिऱ्हाइकाला मी आता परत कधीच सांगणार नाही, की अमुक कंपनीची आहे म्हणून घे. मी सांगेन ते माझ्या नावाने. पटलं तर घेईल."

"आणि पाटी? ती कंपनीची मालमत्ता आहे."

"दारात काढून ठेवली आहे. माणूस पाठवा आणि भोसरीला हीच लावा. थोडी गंजलीय, पण शब्द सगळे शाबूत आहेत."

तिने फोन ठेवला. काउंटरवर लक्ष्मणरावांसमोर एक नवखा फिटर उभा होता, हातात हिरवट, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीची बॅटरी, खाच मोडलेली. "ही बी भरून मिळंल का हितं?" तो विचारत होता.

लक्ष्मणरावांनी बॅटरी उलटीपालटी केली, चष्मा वर सारला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "काय गं, घ्यायची का?"

"घ्या," योगिनी म्हणाली.